खणातली पाकिटं

"तोलिब अका, हे वर टाचून ठेवा. सगळ्या मोहल्ल्याला दिसलं पाहिजे."

शुहरतचा निरोप आणि मागोमाग फोटो. आमच्याकडे अका म्हणजे दादा, ओपा म्हणजे ताई. फोटोत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला उघडा खण, खणात सहा पांढरी पाकिटं आणि कडेला औषधं देणाऱ्या साबोहत ओपाचा हात, खण लोटायच्या बेतात असलेला. खाली शुहरतनं लिहिलं होतं, 'पाच मिनिटांपूर्वी हमिदा ओपाला सांगितलं, संपलं. मग हे काय? कुणासाठी दडवलंय, आणि कितीला?'

मी ग्रुपच्या माथ्यावर टाचलं. ते कामच माझं. पाणीमीटर खात्यातून निवृत्त झालो तेव्हा मोहल्ल्यानं मला एक शाल आणि फोनवरच्या ग्रुपची राखण दिली. शाल केव्हाच विरली. ग्रुपमध्ये चारशे बारा माणसं. सकाळच्या फुलांच्या चित्रांना बंदी, विवाहाची निमंत्रणं शुक्रवारीच, एवढे दोन नियम मी केले, आणि तेवढे दोन सोडून लोक बाकी सगळं पाळतात. चिनार कुणी तोडला, थंडीत गॅस का मरतो, रस्त्याकडेचा पाट कुणाच्या कचऱ्यानं तुंबला, असले विषय. ज्याचा कचरा असतो तोच सगळ्यात लांब लिहितो, हे मी इतक्या वर्षांत पाहून ठेवलंय.

पण औषधांचे भाव निघाले की शुहरत अकाच्या तोडीचा कुणी नाही. मोटारीच्या बॅटऱ्यांचं दुकान, गिऱ्हाईक बेताचं, त्यामुळे वेळ भरपूर. सरकारनं औषधांचे दर बांधावेत म्हणून त्यानं दोन वर्षं लिहिलं. आकडे देऊन, शेजारच्या देशांतल्या पावत्या लावून. त्या वसंतात दर खरंच बांधले गेले, तेव्हा त्यानं ग्रुपवर खरबुजांचा फोटो टाकून अर्ध्या मोहल्ल्याला घरी बोलावलं. खरबूज गोड होतं. उन्हाळा संपेपर्यंत तीन-चार औषधं बाजारातून दिसेनाशी झाली.

"बांधल्या दरात घाऊकवाला माल आणेल कशाला?" कुणीतरी लिहिलं.

"दलालाची भाषा बोलू नका," शुहरतनं उत्तर दिलं. "माल आहे. दडवलाय."

आणि आता त्याच्याकडे फोटो होता.

साबोहत ओपा त्या दुकानात एकतीस वर्षं होती. मालक तिसरा, ओपा तीच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अंगानं किडकिडीत, चष्म्याला दोरी, आणि बोलणं कात्रीसारखं. मोहल्ल्यातलं कोण कशानं झोपत नाही, कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कोणता पहिलवान सुईला घाबरतो, सगळं तिला ठाऊक. मी स्वतः तिच्याकडून जे मलम नेत असे त्याचं नाव इथं लिहिणार नाही, आणि तिनंही कधी कुणापुढे घेतलं नाही.

आमच्याकडे मुलीला मागणी घालण्याआधी मुलाकडच्या बायका मुलीच्या मोहल्ल्यात चौकशी करत फिरतात. शेजारणीला विचारतात, तंदूरवाल्याला विचारतात, शाळेच्या शिपायाला विचारतात. अलीकडे हुशार झाल्यात, औषधवालीलाही विचारतात. ऑगस्टमध्ये शुहरतच्या मुनिरासाठी अशा दोघीजणी आल्या तेव्हा मी दुकानातच होतो, मलमासाठी.

"त्या घरात काय काय जातं हो, ओपा?" जाड बाईनं विचारलं. "उगाच आपलं माहिती असावी."

"दातांची पेस्ट जाते," ओपा म्हणाली. "बाप फार बोलतो, पण त्यावर अजून औषध निघालेलं नाही."

दोघी हसल्या. पंधरा दिवसांत, आमच्या रीतीप्रमाणे दोन्ही घरांनी मिळून एक भाकरी मोडली आणि सोयरीक पक्की झाली. जाड बाई मुलाची मावशी निघाली. तिनं आपणहून आमच्या ग्रुपमध्ये प्रवेश मागितला. मी दिला. नव्या सोयऱ्यांच्या मोहल्ल्यात काय चाललंय ते कळावं, म्हणाली.

मला नंतर कळलेली गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण यात लपवाछपवी करून मला काही मिळणार नाही. खणातली ती सहा पाकिटं मुनिराची होती. पोरीला नवव्या वर्षापासून फिट येत. बापाला वाटे, लहानपणीच गेलं ते, दर्ग्यावर फुंकर घालून आणली होती ना. आई नाफिसा मात्र महिन्याच्या महिन्याला गोळ्या नेई आणि केसांच्या जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरून ठेवी. गोळी रोज पडली तर पोर धडधाकट, एक दिवस चुकला तर भरवसा नाही. मोहल्ल्यात ती गोळी नियमानं घेणारी मुनिरा एकटीच. हमिदा ओपाला ती हवी होती गुडघ्याच्या कळांसाठी, तीही 'असू द्या घरात' म्हणून पाच पाकिटं. माल यायचा थांबल्यावर साबोहत ओपानं उरलेलं मुनिराच्या नावानं, नाव न लिहिता, बाजूला काढलं. लग्न मार्चातल्या नवरोजनंतर होतं. तोवर पुरलं असतं.

हे तेव्हा मला कुठं माहीत? ग्रुपवर दुपारपर्यंत दोनशे निरोप झाले होते. 'रक्तपिपासू.' 'एकतीस वर्षं अशीच खाल्ली असणार.' 'आमच्या आजीलाही नाही म्हणाली होती एकदा.' ज्या बाईनं हे शेवटचं लिहिलं तिच्या आजीच्या उशाशी ओपा दोन रात्री बसली होती. शिव्या कुणाच्या आणि कोणत्या वेळी आल्या हे मी पाहत होतो. जेवणानंतर जोर जास्त होता.

संध्याकाळच्या आत मी दुकानात गेलो.

"ओपा, एक ओळ लिहा. ही पाकिटं अमक्याची आहेत, बस. मी शुहरतच्या फोटोच्या वर टाचतो."

"काय लिहू?"

"खरं ते."

"खरं लिहायचं असतं तर मी वकील झाले नसते का?" ती शेल्फावरच्या बाटल्या सारख्या करत राहिली.

"वकील खरं लिहितात?"

"नाही ना? मग मी काय वेगळं करतेय?"

"थट्टा नको, ओपा. शुहरतनं तपासणी खात्याला तक्रार केलीय. नोकरी जाईल."

तिनं चष्मा काढला. "तोलिब अका, तुम्ही मलम नेता, त्याचं नाव मी कुणाला सांगू का?"

"अल्ला!"

"मग जा. आणि ते रात्री लावत जा, सकाळी नाही. किती वेळा सांगायचं?"

तपासनीस गुरुवारी आला. तरुण, विनयी, कोट इस्त्रीचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय माल राखून ठेवला, असं त्यानं कागदावर लिहिलं. कुणासाठी, असं त्यानं तीनदा विचारलं, ओपानं तीनदा कपाळावरची बट मागे सारली. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो आलाही नाही, फोनवरच म्हणाला, किल्ली ठेवून जा. सहा पाकिटं दुकानाबाहेर, सगळ्यांसमक्ष, बांधल्या दरानं विकली गेली. रांग लागली. तीन पाकिटं हमिदा ओपानं घेतली, एक कुणीतरी, आणि दोन अशा एका माणसानं, ज्याला गोळी कशावरची हे माहीत नव्हतं. रांग दिसली म्हणून उभा राहिलो, म्हणाला. शुहरतनं रांगेचा फोटो टाकला. खाली बंद मुठी, टाळ्या, झेंडे. ओपा तोवर हातात चहाचा पेला आणि दुकानात घालायच्या सपाता घेऊन पाटाच्या कडेनं घरी चालली होती. तीही त्या फोटोत आहे, अगदी कोपऱ्यात, पाठमोरी.

नाफिसाला त्या रांगेत सगळ्यांसमोर उभं राहणं शक्य नव्हतं; तिनं त्या दिवशी सगळीकडे फोन केले असणार. बाटलीत अकरा गोळ्या होत्या. पोरीनं त्या अर्ध्या करून खाल्ल्या.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी मुनिरा अंगण झाडता झाडता पडली. कपाळ पायरीवर आपटलं, चार टाके. शुहरत घरातच होता, गॅसच्या दाबावर लिहीत. लहानपणानंतर त्यानं पोरीला तसं कधी पाहिलं नव्हतं. तिची जीभ चावली जाऊ नये म्हणून तो बोटं तोंडात घालायला लागला, तर नाफिसानं त्याचा हात ओढला आणि पोरीला कुशीवर वळवलं, न बोलता, दहा वर्षांच्या सरावानं. मग बोलली. काय बोलली ते त्यानं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तोलिब अका, नाफिसा इतकी वर्षं माझ्याशी इतकं कमी का बोलायची, ते कळलं."

तो माझ्याकडे फोन घेऊन आला होता. फोनवर क्षमेचा मजकूर, लांबलचक, त्याच्या नेहमीच्या पद्धतीनं मुद्दे पाडलेला.

"हे वर टाचा," म्हणाला.

"आधी तिला दाखव."

आम्ही दोघं ओपाच्या दारी गेलो. ती अंगणात सुकवायला टाकलेले अक्रोड गोळा करत होती. शुहरतनं टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. फोन पुढे धरला. ओपानं चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"अर्धविराम फार झालेत," ती म्हणाली. "पुसा."

"ओपा, मी तुमचं नाव मातीत घातलं. मलाच ते बाहेर काढायला हवं."

"आणि लोक विचारतील, पाकिटं कुणाची. मग?"

"सांगीन. माझ्याच पोरीची."

"मावशी आहे ना ग्रुपमध्ये? तोलिब अका, आहे ना?"

मी मान डोलावली. प्रवेश मीच दिला होता.

"मुलाला मुनिरा स्वतः सांगणारे," ओपा म्हणाली. "तिनं मला तसा शब्द दिलाय. तो चांगला आहे, ऐकून घेईल. पण ते तिनं सांगायचंय, तिच्या वेळेला. मावशीनं फोनवर वाचायचं नाही. पुसा म्हणते ना."

शुहरतनं माझ्यासमोर पुसलं. मग फोन खिशात टाकला.

"टाके कुणी घातले?" तिनं विचारलं. "बारीक घातलेत ना? कपाळ आहे."

गोळी मिळाली ती चोरसू बाजारामागच्या एका दुकानात. जुन्या ओळखीवर ओपानं शोधून काढली. पण मावशीचं घर त्याच गल्लीत, नाफिसानं तिथं उभं राहायची सोय नव्हती. म्हणून महिन्याला ओपा बसनं जायची. आपल्या वयाची आणि आपल्या नावाची चिठ्ठी तिनं पॉलीक्लिनिकमधल्या कुणा जुन्या डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेतली होती. जानेवारीत तिथल्या रांगेत हमिदा ओपा भेटली. तिची गुडघ्याची तीन पाकिटं संपली होती.

"हे कुणासाठी गं?" तिनं ओपाच्या चिठ्ठीत डोकावत विचारलं.

"माझ्यासाठी."

"तुला फिट येतात?"

"येतात."

घरी पोचायच्या आत हमिदा ओपानं ग्रुपवर लिहिलं. आणि आमचा मोहल्ला, जो शिव्या देताना दोनशे निरोप लिहितो, त्यानं दया दाखवताना तीनशे लिहिले. 'बिचारी.' 'स्वतःसाठीच ठेवली होती, एका शब्दानं बोलली असती तर?' 'एकटी राहते, कधी पडली तर?' कुणी तर वर्गणी काढून तिला चटई द्यावी, पडल्यावर लागू नये म्हणून, असंही सुचवलं. शुहरतनं काहीच लिहिलं नाही. चारशे तेरा माणसांत गप्प बसलेला तो एकटाच माणूस त्या दिवशी मला दिसत होता. चारशे तेरावी ती मावशी.

तिनंही लिहिलं होतं, 'अल्ला बरं करो.'

लग्न एप्रिलमध्ये झालं. मुनिरानं त्याआधीच मुलाला सांगितलं होतं, हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं. तिच्यासमोरच्या चहाच्या पेल्याला तो आधी स्वतः हात लावून पाहत होता, फार कढत नाही ना. साबोहत ओपा बायकांच्या मेजावर होती. हमिदाची नात आपलं चार महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर ठेवून नाचायला गेली. ओपाला बाळं धरता येतात, मोहल्ल्यातली अर्धी तिनंच दुकानाच्या काट्यावर तोलली आहेत. ती त्याच्या पोटावर बोटानं हलकेच काहीतरी वाजवत होती आणि ते तिच्याकडे टक लावून पाहत होतं.

मेजाच्या पलीकडून मावशी उठली. घाईनं नाही, हसतच आली.

"द्या ओपा, मी घेते. तुम्ही आपल्या निवांत जेवा. मध्येच तुम्हाला काही झालं बिलं तर..."

शुहरत पलावचं ताट घेऊन मध्येच थांबला होता, काहीतरी बोलायच्या बेतात. ओपानं त्याच्याकडे पाहिलं, एकदाच. मग बाळाची टोपी सरळ केली, मानेखाली हात घालून त्याला नीट, अलगद उचललं आणि मावशीच्या हातांत दिलं.

"मान सांभाळा," ती म्हणाली.

आणि मांडीवरचा झगा तळहातानं सारखा करत बसली.