सातव्या रिळातला श्वास

स्वस्तातल्या मारधाडपटांना आवाज पुरवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. पडद्यावर ठोसा बसला की तो रेक्झिनच्या उशीवर ओला टॉवेल हाणायचा. हाड मोडायचं असेल तर गाजर मोडायचा. गुंड जिन्यावरून गडगडला की जुन्या पुस्तकांचं पोतं ढकलून द्यायचा. स्टुडिओत त्याला सगळे धपाधपकाका म्हणत. त्यालाही ते नाव मान्य होतं.

या धंद्यात बायको त्याची निम्मी भागीदार होती. बायकांच्या पावलांचे आवाज तिचे. एका फरशीच्या तुकड्यावर उंच टाचांचे बूट घालून ती जागच्या जागी चालायची, आणि पडद्यावरची नटी रस्ताभर चालत गेल्यासारखी वाटायची. पन्नासेक सिनेमांतल्या झाडून सगळ्या बायका तिच्या पायांनी चालल्या होत्या. त्यात पळून जाणाऱ्या होत्या, फितूर होणाऱ्या होत्या, आणि नवऱ्याला वाचवायला भलत्याच गोदामात शिरणाऱ्याही होत्या.

तिला हे सिनेमे मनापासून आवडायचे. रविवारी दुपारी टीव्हीवर लागले की ती पाय वर घेऊन बसायची आणि खोड्या काढायची. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून एकोणीस सुटल्या की मोठ्याने मोजून दाखवायची. "बारा गुंड कुठले, सहाच आहेत, टोप्या बदलून येतायत मेले." खलनायकाच्या बंगल्यातल्या सोफ्याला किमतीची चिठ्ठी लटकलेली दिसली, तेव्हा तर तिला हसता हसता ठसका लागला होता. तो म्हणाला होता, "एवढी नावं ठेवतेस, मग बघतेस कशाला?"

"वाईट माणूस कोण ते इथे पहिल्या झटक्यात कळतं," ती म्हणाली. "आणि मेलं तरी खरं कोणी मरत नाही. दमून आलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?"

ती जाऊन आता सात महिने झाले होते. फुप्फुसं कामातून गेली होती.

सोमवारी दिग्दर्शकाचा फोन आला. दोघांनी मिळून केलेला शेवटचा सिनेमा एका वाहिनीने घेतला होता आणि रविवारी दुपारी दोनला दाखवणार होते. ही बातमी मुलीला त्यानेच सांगितली, आणि सांगून झाल्यावर जीभ चावली.

"मी येते," मुलगी म्हणाली. "आईची पावलं आहेत ना त्यात?"

"आहेत. जुन्या रेकॉर्डिंगच्या साठ्यातली."

"मग आपण दोघं बघू. जेवण मी घेऊन येते, तू भातबीत लावत बसू नकोस."

त्याने फोन ठेवला. त्या सिनेमात फक्त पावलं नव्हती. सातव्या रिळात नायकाची बायको दवाखान्यात मरते, आणि तिच्या तोंडी बसवलेला श्वास त्याच्या स्वतःच्या बायकोचा होता.

झालं असं होतं. दवाखाना म्हणजे स्टुडिओची अडगळीची खोली आणि हिरव्या चादरीचा पडदा. मेल्यावरही नटीची पापणी फडफडत होती. ते खपून गेलं असतं, पण डबिंगच्या वेळी तिने श्वास असा सोडला की कोणी गरम चहावर फुंकर घालतंय असं वाटावं. दिग्दर्शक म्हणाला, "काका, काहीतरी करा हो. लोक हसतील." त्याच दुपारी तो घरी आला, तर बायको झोपली होती. श्वास अडखळत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा ओढून घेतल्यासारखा येत होता. तीस वर्षं आवाज शोधत फिरलेल्या माणसाचा हात आपोआप खिशातल्या रेकॉर्डरकडे गेला. त्याने तो उशीशेजारी ठेवला. मग पंखा बंद केला, कारण पंख्याची घरघर आवाजात उतरते.

तिला त्याने विचारलं नाही. पुढे पाच आठवडे ती होती, तेव्हाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायला माणूसच उरलं नाही.

आणि शेवटचा महिना मुलीने आईच्या उशाशी बसून काढला होता. रात्रंदिवस तिने तोच श्वास ऐकला होता. तिला तो ओळखायला अर्धा सेकंदही लागला नसता.

मंगळवारी तो दिग्दर्शकाकडे गेला. दिग्दर्शक म्हणजे मेहुण्याच्या फर्निचरच्या दुकानात खलनायकाचा बंगला उभा करणारा माणूस, पण मनाने सरळ.

"सातव्या रिळातला श्वास काढायचाय," तो म्हणाला.

"काय बोलताय काका? वाहिनीच्या बाईंनी तेवढ्याचंच कौतुक केलं. म्हणाल्या, बाकी सगळा टुकार आहे, पण ती बाई मरते तेव्हा पोटात कालवतं."

"म्हणूनच काढायचाय."

 दिग्दर्शक काय समजला कोण जाणे. "गुरुवारपर्यंत द्या," एवढंच म्हणाला. "पण फुंकर नको हं."

बुधवारी सकाळी तो स्टुडिओच्या काचेच्या खोलीत एकटा बसला. नवा श्वास किती लांबीचा हवा हे बघण्यासाठी त्याने मूळ रेकॉर्डिंग काढलं आणि कानांवर हेडफोन चढवले. सिनेमात त्यातले चाळीस सेकंद वापरले होते. पुढचं त्याने तेव्हा ऐकलंच नव्हतं, कापून बाजूला ठेवलं होतं. आज ते थांबवायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

श्वास चालू राहिला. मग तिचा आवाज आला, बारीक, झोपेतला. "अहो... पंखा."

हे त्याला आठवत होतं. ती बोलली आणि आपण ताबडतोब उठून बटण दाबलं, असंच सात महिने त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मोठा नाही, पण तेवढाच एक आधार होता.

रेकॉर्डिंगमध्ये बटणाचा खटका आला नाही. एक श्वास आला. थांबला. दुसरा आला, पहिल्यापेक्षा जड, पण अगदी स्वच्छ. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं आणि खटका. त्याने समोरच्या आकड्यांकडे पाहिलं. अकरा सेकंद.

तेव्हा आपण काय करत होतो ते त्याला आता लख्ख आठवलं. आणखी एक चांगला श्वास मिळतोय का, याची वाट बघत होतो.

त्याने हेडफोन काढून ठेवले. मग कामाला लागला, दुसरं करणार काय. माइकसमोर त्याने स्वतःचा श्वास रेकॉर्ड केला. पहिल्यांदा तो जिना चढून आलेल्या माणसासारखा वाटला, दुसऱ्यांदा घोरल्यासारखा. चौदाव्या खेपेला त्याने नाद सोडला आणि त्यातल्या त्यात बरा तुकडा निवडून, आवाज चढवून, नटीच्या तोंडी बसवला. वाईटच होता. बाकीच्या सिनेमाला शोभेल इतका वाईट. आता मुलीला काही कळणार नाही, असं वाटून त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

रविवारी मुलगी डबा घेऊन आली. जेवणं झाली. सिनेमा सुरू झाला, आणि दहा मिनिटांत ती आईसारखीच पाय वर घेऊन बसली.

"बाबा, हा पाठलाग त्याच गल्लीत तिसऱ्यांदा चाललाय. ती दुधाची गाडी बघ, हललीच नाहीये."

"दुसरी गल्ली मिळाली नाही."

"आणि याने शर्ट कधी बदलला? मार खाता खाता?"

मध्येच नायकाची बायको एका लांबलचक ओसरीतून चालत गेली, टक टक टक.  टाचांचा आवाज संपेपर्यंत मुलीने डोळे मिटले होते. तो तिच्याकडे न बघता टीव्हीकडे बघत राहिला.

मग हिरवी चादर आली. नटी डोळे मिटून पडली, यंत्र टिंग टिंग करू लागलं आणि श्वास सुरू झाला. मुलगी आधी खुदकन हसली. मग वळून त्याच्याकडे पाहू लागली.

"हा तू आहेस."

"छे."

"बाबा, नाकातून शिट्टी वाजते तुझी, लहानपणापासून ऐकतेय. बाईच्या तोंडी तुझा श्वास? सगळ्या स्टुडिओत एक बाई मिळाली नाही?"

हो, नाही मिळाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती हसली असती आणि पुढची मारामारी सुरू झाली असती. त्याचं तोंड तसं उघडलंही.

"आधी तिथे आईचा होता," तो म्हणाला.

त्याने पंखा बंद केला तिथपर्यंत सगळं सांगितलं. क्रम मात्र जरा चुकला. उशीशेजारचा रेकॉर्डर आधी सांगितला, पंखा शेवटी. तिकडे नायक दवाखान्याच्या काचा फोडत होता. मुलीने रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"ऐन उन्हाळ्यात," ती म्हणाली. "तिला श्वास पुरत नव्हता, आणि तू पंखा बंद केलास."

"हो."

"तिला कळलं होतं?"

"माहीत नाही. पंखा लावा म्हणाली."

"मग लावलास ना लगेच?"

"लगेच," तो म्हणाला.

पडद्यावर सहा माणसं आवाज न करता एकमेकांना बडवत होती. मुलगी मान खाली घालून बसली होती. ते एक उत्तर तिने विश्वासाने ठेवून घेतलं होतं, हे त्याला दिसत होतं.

"लगेच नाही," तो म्हणाला. "अकरा सेकंदांनी. मोजलेत मी."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला, भांडी वाजायला लागली. एरवी ती दोन ताटं दोन मिनिटांत विसळायची. आज पाणी वाहतच राहिलं. तो दारापाशी जाऊन उभा राहिला.

"ते रेकॉर्डिंग पुसलंस?" पाठमोरीच राहून तिने विचारलं.

"नाही."

"पुसू नकोस." तिने एक ताट पुन्हा पाण्याखाली धरलं. "मला ऐकायचंय. पण तुझ्यासमोर नाही. आणि आज तू इथे उभा राहू नकोस, बाहेर जाऊन बस."

तो बाहेर जाऊन बसला.