फुकटचे भाडेकरू

सन दोन हजार अकरा. हिवाळा सरला होता, उन्हाचा पहिला चटका बसू लागला होता. तेव्हा मी पाच महिन्यांचा होतो. मी मेंढा. आज शिंगांना अडीच वेढे आहेत, गुडघे कुरकुरतात, पण कळपाच्या पुढे अजून मीच चालतो. शिकलेलो नाही. अंगावर आलं तेवढंच सांगतो.

त्या दिवसांत माझ्या हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. मालकाने पापणी उलटून पाहिली. पांढरीफटक.

"जंत," तो म्हणाला.

मालक म्हातारा, मोजकं बोलणारा. मेंढरांच्या निम्म्या दुखण्यांना त्याच्याकडे हा एकच शब्द होता, आणि फळीवर एकच बाटली. त्याने ती पाजली.

औषध लागू पडलं. जठरात बसून रक्त पिणारे केसासारखे कृमी गळून गेले. सूज उतरली. मी उड्या मारू लागलो. पंधरा दिवसांनी अंग तापलं, लघवी लाल झाली, पाय लटपटू लागले.

"मेले नाहीत वाटतं सगळे." मालकाने पुन्हा बाटली काढली. सुनेने ती धरून ठेवली.

"मामंजी, कुलूप न बघताच किल्ली फिरवताय. डॉक्टरीणबाईंना दाखवू."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला मेंढरं शिकवतेस?"

"मेंढरं तुमची. गाडी मी चालवते. बसा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानाला टोचलं. थेंब काचेवर पसरला, रंगवला, बारीक ते मोठं दाखवणाऱ्या यंत्राखाली धरला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच बघा."

मालक वाकला. एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला.

"हे ठिपके... दोन-दोन, टोकाला टोक लावून. रक्तातसुद्धा जंत?"

"हे जंत नव्हेत, त्याहून कितीतरी बारीक जीव. गोचिडाने सोडलेत. लाल पेशीत घर करतात, ती फोडून दुसरीत शिरतात."

"मग माझं औषध चुकलं?"

"पहिल्यांदा बरोबर होतं. पण पोटातले रक्त पीत होते, तोवर यांना राहायला पेशीच पुरत नव्हत्या. ते गेले, ताजं रक्त भरलं, यांना मोकळं रान मिळालं."

"या दोघांची गाठ पडते का कधी?"

"कधीच नाही. एक पोटात, एक रक्तात. तरी एकाने दुसऱ्याला दाबून धरलेलं."

मालक पुन्हा वाकला. "साठ वर्षं मेंढरं राखली," तो पुटपुटला. "बाहेरचाच कळप मोजत आलो."

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. तो तिसरा मी होतो, आणि मलाच पत्ता नव्हता. मी आपला गवत चावत होतो. आत दोन राज्यं नांदत होती. एकमेकांचं तोंड न पाहता एकमेकांची उपासमार करत होती, आणि त्यांच्या त्या ओढाताणीत मी जगत होतो. एवढ्याशा कातड्यात एवढं मावतं कसं? त्यांचा राग कधी आला नाही. नवल मात्र अजून वाटतं.

सुई दिली. पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. "धडधाकट मेंढी आणा. तासाभरात. नाहीतर हा जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सूनबाई बोळकीला घेऊन आली. बोळकी म्हणजे पुढचे दात पडलेली मेंढी. परवा खाटकाकडे जायची होती. तिच्या मानेतून रक्ताची पिशवी भरली, ती माझ्या मानेत उतरली. दिवस मावळायच्या आत मी उभा राहिलो.

खाटीक आला तेव्हा मालक दारातूनच म्हणाला, "ही विकायची नाही."

"दात नाहीत हो तिला!"

"तुला काय चावायला हवी होती?"

तीन वर्षांनी, थंडीच्या तोंडाशी, बोळकी बसली ती उठेना. मालकाने फळीकडे पाहिलंही नाही. "आधी काच," एवढंच म्हणाला.

रक्त तपासलं, लेंड्याही तपासल्या. पोटातले आणि रक्तातले, दोन्ही भाडेकरू घरात होते. या वेळी दोघांनाही एकदमच बाहेर काढायचं ठरलं. पण आधी रक्त हवं होतं. मालक कळपाकडे वळला. मी पुढेच उभा होतो. माझाही थेंब तपासला. स्वच्छ निघाला.

सुई जाड होती. मी मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळकी उठली, आणि माझ्या पुढ्यातल्या पेंढीला तोंड घातलं.

फिटलं.