स्टेशनामागची घरं

माझी आत्या दातांच्या कवळ्या बनवायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मेण, प्लॅस्टर आणि बारीक सुऱ्यांच्या पसाऱ्यात तिची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर तीच हत्यारं घेऊन ती आमच्याकडे राहायला आली आणि बाबांच्या छोट्या रेल्वेवर तुटून पडली.

बाबा इलेक्ट्रिशियन. माडीवरच्या खोलीत त्यांनी फळ्यांवर रूळ टाकले होते आणि त्यावर गाडी नुसती गोल फिरायची. आत्या म्हणाली, ही कसली गाडी, कुठून निघत नाही की कुठे पोचत नाही. मग तिनं गाडीला गाव दिलं. जाळीवर प्लॅस्टरच्या पट्ट्या अंथरून डोंगर उभा केला, लाकडाचा भुसा हिरवा रंगवून गवत केलं, स्पंज कुस्करून झाडं केली. स्टेशनामागं तिनं पुठ्ठ्याची घरं मांडली. ती आमची जुनी वस्ती होती, स्टेशन वाढवताना पाडलेली. घड्याळजीचं दुकान, सुईणीच्या घराचा बाहेरून चढणारा जिना, दोऱ्यांवर वाळत घातलेले नखाएवढे कपडे. फोटो फारसे नव्हतेच. जुन्या शेजाऱ्यांना विचारून विचारून तिनं भंडावून सोडलं होतं.

नव्या स्टेशनाच्या उद्घाटनाआधी तिथले जनसंपर्क अधिकारी घरी आले. छोटी रेल्वे पाहून हरखलेच. समारंभात मांडायला द्या, म्हणाले. आत्याला त्यांचं साखरेत घोळलेलं बोलणं काही रुचलं नाही, पण बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. शेवटी तिनं एकच अट घातली, की कशालाही हात लावायचा नाही. अधिकाऱ्यांनी मान डोलावली.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही नटूनथटून गेलो. दालनाच्या मधोमध गाडी झोकात धावत होती. आत्या जवळ गेली आणि थबकली. स्टेशनामागं घरंच नव्हती. तिथं हिरव्या मखमलीचा तुकडा चिकटवला होता, त्यावर प्लॅस्टिकची दोन बाकं. कडेनं गोंद बाहेर आला होता.

मला वाटलं, ती आता रडेल. तिची तर तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अधिकारी खुर्च्या लावून घेत होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की घरं जरा गबाळी दिसत होती, पाहुण्यांनी भलतेच प्रश्न विचारले असते, आणि नाहीतरी तिथं आता बागच आहे. हे ते अशा सुरात सांगत होते, जणू आत्याची चूक त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातली होती.

"घरं कुठं आहेत?" आत्यानं विचारलं.

घरं जिन्याखालच्या अडगळीत सापडली, एका खोक्यात, उष्ट्या कागदी कपांखाली. छपरं चेपली होती. घड्याळजीच्या दुकानात कुणीतरी चहाची पिशवी टाकली होती.

खोकं पोटाशी धरून आत्या दालनात परतली. बाबा मागोमाग हलक्या आवाजात विनवत होते, की ताई, लोक यायला लागलेत, तमाशा नको, घरी जाऊन बघू. तिनं लक्षच दिलं नाही. पर्समधून मेण कोरायची सुरी काढली, मखमल कडेनं सोडवली आणि ओढून काढली. खालचं प्लॅस्टर खरवडलं होतं. त्यावर ती चेपलेली घरं, जशी होती तशी, एकेक करून ठेवू लागली.

"अहो बाई, हे काय चालवलंय?" अधिकारी धावत आले.

आत्यानं हात थांबवला नाही. "खरी घरं पाडलीत तेव्हा निदान आधी नोटीस तरी दिली होतीत. या वेळी तेवढंही केलं नाहीत."

मग ते तिच्याशी बोलेनातच. बाबांकडे वळून म्हणाले, "तुम्ही तरी समजवा यांना. रेल्वे तुमची आहे ना?"

बाबांनी टेबलाखाली वाकून वीज बंद केली. गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली.

"रूळ माझे आहेत," ते म्हणाले. "गाव ताईचं आहे. आम्ही घेऊन जातो."

फळ्यांचे स्क्रू काढून आम्ही सगळं सुटं केलं. मागच्या दारानं न्या, असं अधिकाऱ्यांनी सुचवलं. आत्या पुढच्या दारानंच निघाली. समोरून पाहुणे येत होते. हाही कार्यक्रमाचाच भाग समजून त्यांतल्या काहींनी बाजूला होत टाळ्या वाजवल्या. त्यामुळे आत्या आणखीनच चिडली.

घरी आल्यावर राग निवेल, असं आम्हाला वाटलं होतं. छे. तिला त्या मखमलीचा राग होता, गोड बोलण्याला भुलल्याबद्दल स्वतःचा होता, आणि 'तमाशा' म्हणाल्याबद्दल बाबांचा तर सर्वांत जास्त. बाबा निमूटपणे ऐकून घ्यायचे. चिडता चिडताच तिनं सगळी घरं दुरुस्त केली, पण रेल्वे पुन्हा माडीवर नेऊ दिली नाही. रस्त्यालगतच्या खोलीत मांडून दार उघडं ठेवलं.

वस्तीतली जुनी माणसं येऊ लागली. एकदा पाववाल्याची बायको आली, डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "माझ्या घराला दोन खिडक्या होत्या. तू एकच ठेवलीस."

एकच होती, आत्या म्हणाली. दोन होत्या, ती म्हणाली. दोघींची चांगलीच जुंपली. दुसऱ्या खिडकीतून मी नवऱ्याची वाट बघायची, ते मला माहीत की तुला, असं सुनावून पाववाल्याची बायको तरातरा निघून गेली.

आत्या बराच वेळ धुसफुसत बसली. मग तिनं ते घर उचललं, सुरी घेतली आणि भिंतीत दुसरी खिडकी कापायला लागली. "एकच होती," कापता कापता ती मला म्हणाली.