दोन पेले पाण्याचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. खामगावात, कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मी तुळईला टांगलेला असतो. माझ्या आकड्याला कापडी झोळी अडकवतात, तिच्यात मूल बसवलं की माझा काटा फिरतो. माझी तबकडी आता गंजली आहे. तरी मी शंभर ग्रॅमचीही चूक कधी केली नाही, आणि याचा मला फार तोरा होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वस्तीतल्या सारिकाची लेक मंजुश्री तेव्हा अडीच वर्षांची होती. झोळीत बसवली की रडायचाही जोर तिच्या अंगात नसे. सेविका प्रतिमाताई तिच्या कार्डावर फार कमी वजनाची लाल खूण करत आणि रोज एक अंडं जास्तीचं देत. पण नळावर बाया कुजबुजत, "सारिकाची पोरगी लालमधी हाय. माय खाऊ घालत नाई वाटते." सारिकाला ते फार लागलं.

पुढच्या वजनाच्या दिवशी, घरून निघतानाच तिने लेकीला दोन पेले पाणी पाजलं. नळाचंच पाणी. त्या नळाची नळी सांडपाण्याच्या नालीतून येते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. माझा काटा चार घरं पुढे सरकला.

"सुधारली व पोरगी!" म्हणत प्रतिमाताईंनी पिवळी खूण केली. मीही फुशारलो. झोळीत जे होतं ते मी बरोबर मोजलं होतं. त्यात पाणी किती, हे मला कुठे कळतं?

जास्तीचं अंडं लाल खुणेच्या मुलांनाच मिळे, ते बंद झालं. आठवड्याच्या आत हगवण लागली. अंगात काहीच नव्हतं, मंजुश्री चौथ्या दिवशी गेली. कार्ड हातात घेऊन प्रतिमाताई कितीतरी वेळ रडल्या. मला तेही जमलं नाही.

गेल्या महिन्यात सारिका पुन्हा आली. कडेवर धाकटी रेवती होती. सारिकाने तिचं झबलं उतरवलं, पायातले वाळेही काढले.

"ताई, इले पाणी नाई पाजलं. जेवढी हाय तेवढीच सांगा."

काटा थांबला तो आकडा कार्डावर लालमध्येच येत होता. सगळ्या बाया बघत होत्या.

"लाल हाय तं लाल लिहा," सारिका म्हणाली. "पण माह्या लेकराले अंडं द्या. अन् थो नळ नालीतून काढाले लावा."

मित्रांनो, लाल खुणेवरून कुणाच्या आईला बोल लावू नका. मुलांच्या ताटात काय पडतं आणि पेल्यात कुठलं पाणी येतं, ते आधी बघा. मंजुश्रीचं कार्ड अजून इथल्या कपाटात आहे. त्यावरची शेवटची खूण पिवळी आहे.