पास्कोलकाकाची बिनठसक्याची कॉफी

डोंगरी गावात आधी ठसका आणि मग कॉफी, असा सदतीस सालापर्यंतचा शिरस्ता होता. पहिल्या घोटाला घशात जाळ व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि मग पाहुणा नाक पुसत म्हणायचा, "फक्कड झालीय." कुणाला त्यात काही चुकीचं वाटतच नसे. घरोघरी एकच दगडी उखळ. उन्हाळ्यात त्यात वर्षभराचा, बाटल्यांत भरून ठेवायचा मसाला कुटायचा, आणि कॉफीच्या भाजलेल्या बियाही त्यातच. मिरची दगडात अशी मुरलेली, की राखेने घासा नाहीतर कढत पाण्याने धुवा, ती आपली ठाण मांडून.

"ही कॉफी न्हाय, मसाल्याचा काढा हाय," असं म्हणणारा गावात एकच माणूस होता, व्हायोलेटचा बाप जेरोम. तो बोटीवर खानसामा होता. दर फेरीला बियांची पिशवी आणायचा आणि लेकीला शिकवायचा. बी प्यायच्या वेळीच दळावी, दळायचं यंत्र दुसऱ्या कशाला लावू नये, पाणी खळखळत असताना ओतू नये. पंधरा वर्षांच्या व्हायोलेटला हे शाळेतल्या पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. पुढच्या फेरीत कॉफीची चक्की आणतो, असं तो म्हणाला होता. त्या फेरीतून तापाने फणफणत आला आणि चौथ्या दिवशी गेला.

त्याला पुरून आठ दिवस झाले नाहीत, तोच त्याचा धाकटा भाऊ पास्कोल कोयता घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरला. तो कोयता त्याने टेबलात असा हाणला की फळीला उभी भेग गेली.

"वैनी, महिन्याची मिस्सा झाली की गोराईला बापाकडं निघायचं. घर माजं हाय."

व्हायोलेटची आई कात्रीन चुलीपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "घर मोठ्या चुलीचं असतं, भावोजी. मोठ्या चुलीवर मी बसलीय."

पास्कोलने तिचा अंबाडा धरला आणि तिचं कपाळ चुलीच्या काठावर आपटलं. एकदा आपटून भागलं नाही म्हणून पुन्हा आपटलं. व्हायोलेटने धाव घेऊन त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तेव्हा त्याने तिला झटकून अशी फेकली की ती पाण्याच्या मडक्यांवर पडली. मडकी फुटली, तिचा कोपर फुटला, घरभर पाणी आणि रक्त. जाताना त्याने अंगणातला त्यांचा कोंबडा उचलला आणि दुपारच्या कालवणाला म्हणून चालता चालता त्याची मान पिरगळली. कुंपणापलीकडच्या त्याच्या पडवीत त्याची बायको फिलू उभी होती. तिने कोंबडा हातात घेतला.

मोठी चूल म्हणजे घरच्या कर्त्याची चूल. तिची भानगड अशी, की कर्ता मेला की चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेनंतर गावचे तीन पंच घरी कॉफीला यायचे. घरावर दोघांचा दावा असला तर दोघांकडची कॉफी प्यायचे आणि ज्याची मानवली त्याचा कप बशीत पालथा घालायचे. कप पालथा पडला की घर त्याचं. मग कोर्ट नाही, कागद नाही. नावाला चव, पण खरं वजन कुणाचा आवाज मोठा नि कुणाचं मनगट जाड याचंच. आणि पास्कोलचं मनगट व्हायोलेटच्या मांडीएवढं होतं.

"आये, आपण त्यांना खरी कॉफी पाजायची," व्हायोलेट म्हणाली. "बाबा सांगायचा तशी. एकदा प्यायले की कप हातातून सुटणार न्हाय."

"आणि दळणार कशात, माझ्या डोक्यात?" कात्रीनच्या डोक्याला पट्टी होती. हसताना जखम दुखली. पण दुसऱ्या दिवशी तिने जेरोमचा पितळी बटणांचा बोटीवरचा कोट काढला, एकदा नाकाला लावला आणि घडी करून लेकीच्या हातात दिला.

मायलेकी भाईंदरच्या बाजारात गेल्या. तिथे इब्राहिमभाईचं जुन्या सामानाचं दुकान होतं. साहेबलोक विलायतेला परत गेले की त्यांची अर्धी घरं तिथे येऊन पडायची. इब्राहिमभाईने आधी दोन काचेचे गोळे काढले, एकावर एक बसवलेले, खाली स्पिरिटचा दिवा.

"ये देखो बेबी, पानी आपोआप ऊपर जाता है. जादू है, जादू."

"माझा काका बघितलाय का तुम्ही?" व्हायोलेट म्हणाली. "काच आमच्या घरी एक दिवस टिकणार नाही."

मग आला मद्रासी पितळी फिल्टर, एका डब्यावर दुसरा डबा. कात्रीनला तो फार आवडला. झाकण उचलून ती आत वाकून वाकून बघायला लागली. व्हायोलेटने तो बाजूला सारला. "आये, आपली खोड गाळण्यात न्हाय, दळण्यात हाय. गाळायला धुतलेल्या मांजरपाटाची पिशवी पुरे. पूड मिरचीची असेल तर सोन्याच्या डब्यातनं गाळली तरी ठसकाच."

"बडी सयानी लडकी है," असं म्हणत इब्राहिमभाईने दोन चक्क्या पुढे ठेवल्या. एक नाजूक, लाकडी पेटीची, खाली पूड पडायला खण. व्हायोलेटने खण ओढून नाक आत घातलं आणि फटकन बाहेर काढलं.

"यात मिरी दळलीय."

"एक बार, बेबी. मेमसाहेबने एक ही बार."

"उखळातही पहिल्यांदा एकदाच कुटली असेल."

दुसरी होती ओतीव लोखंडाची, काळी, बेढब, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची. व्हायोलेटने नाक लावलं. लोखंड, तेल आणि जुन्या कॉफीचा वास. दांडा फिरवला तेव्हा आतले दाते कुरकुर न करता फिरले. ती उचलताना तिच्या खांद्याला रग लागली, आणि का कोण जाणे, तिला बरं वाटलं. कोट इब्राहिमभाईच्या गल्ल्यामागच्या खुंटीवर गेला.

घरी येऊन त्यांनी चक्की टेबलाला आवळली, कोयत्याच्या भेगेच्या अलीकडे. खापरीत बिया भाजल्या, दळल्या, पाणी उकळून उतरवलं, जरा थांबून पिशवीवर ओतलं. कात्रीनने घोट घेतला आणि सवयीने ठसक्यासाठी तोंडाशी पदर नेला. ठसका आलाच नाही. पदर तसाच हातात राहिला. कुंपणाशी फिलू उभी होती, तिलाही व्हायोलेटने कप दिला.

"अगो, जळत न्हाय ही," फिलू म्हणाली. ती अर्ध्याच तोंडाने पीत होती. उरलेलं अर्धं तोंड सुजून काळंनिळं झालं होतं. पलीकडच्या पडवीतून पास्कोल तिच्या कपाकडे बघत होता.

महिन्याच्या मिस्सेला मायलेकी भल्या सकाळी चर्चला गेल्या. पंचांच्या आधी पोचायचं म्हणून जवळजवळ पळत परत आल्या, तर टेबलाचा कोपराच जागेवर नव्हता. स्क्रू सोडवायलाही कुणाला धीर धरवला नव्हता. चक्की हिसडून काढली होती आणि भेगेपासूनचा तुकडा तिच्याबरोबर गेला होता.

कात्रीन तशीच पास्कोलच्या पडवीत गेली. "भावोजी, चक्की द्या."

पास्कोलने भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं आणि आडवं फिरवलं. ते तिच्या भुवईवर बसलं. कातडी फाटून डोळ्यावर लोंबली. ती गुडघ्यावर बसली, तेव्हा त्याने वल्ह्याचं टोक तिच्या फासळ्यांत दोनदा खुपसलं. "चोर म्हणतेस मला? माज्याच घरात?"

तेवढ्यात अंगणात तीन पंच आले. पुढे निकोलस पाटील, सत्तरीचा, काठी टेकीत. "चक्की चोरली ह्यानं," कात्रीन त्यांना म्हणाली. पास्कोलने वल्हं टाकलं, भिंतीवरचा क्रूस काढून छातीला लावला आणि शपथ घेतली, की मी चक्कीला हात लावला असेल तर माझी होडी बुडो. वैनी पडली म्हणाला. क्रुसावर हात ठेवलेल्या माणसाला डोंगरीत कुणी खोटं म्हणत नसे. पाटलाने कात्रीनच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे बघितलं. "कॉफी आणा," एवढंच म्हणाला.

व्हायोलेटने आईची भुवई फडक्याने बांधली. फडकं क्षणात लाल झालं. मग तिने उखळ पुढे ओढलं आणि दातओठ खात मुसळाने बिया कुटल्या. प्रत्येक घावाला तिला काकाचं टाळकं दिसत होतं.

पंचांनी मोठ्या चुलीची कॉफी घेतली. घोट, ठसका, पाणावलेले डोळे. "बरी हाय," पाटील नाक पुसत म्हणाला. कप सुलटाच ठेवला.

मग पास्कोल स्वतः ट्रे घेऊन आला. पंचांनी घोट घेतला, पुन्हा घेतला, एकमेकांकडे बघितलं. अंगणात चिटपाखरूही खोकलं नाही. पाटलाने कप तळापर्यंत संपवला. "अशी कॉफी जन्मात न्हाय पिली," तो म्हणाला आणि कप उलटा करायला बशीवर नेला.

व्हायोलेट पुढे झाली. "पाटीलबाबा, ठसका का न्हाय लागला?"

पाटलाचा हात थांबला.

"डोंगरीत कुणाच्या घरची कॉफी बिनठसक्याची असते? तुमच्या? फिलूकाकीने गेल्याच आठवड्यात मसाला कुटलाय, अख्खी आळी शिंकत होती. मग ही पूड कुठल्या उखळात कुटली? ते उखळ बघू द्या की."

"पोरी, तोंड आवर," पास्कोल म्हणाला.

"उखळ आणा," पाटील म्हणाला.

पास्कोल जागचा हलला नाही. हलली ती फिलू. आत गेली आणि ते जड उखळ दोन्ही हातांनी फरफटत आणून पंचांच्या पायाशी ठेवलं. आत लालभडक मसाला चिकटलेला, कॉफीचा कणही नाही. मग ती जाळ्यांच्या ढिगाशी गेली, दोन हात खाली घातले आणि चक्की बाहेर काढली. स्क्रूत टेबलाचा तुकडा अजून अडकलेला होता.

पास्कोलने बायकोचा गळा धरला. तिला भिंतीशी दाबून उचलली, तिचे पाय जमिनीवरून सुटले. पंच ओरडत उठले, पण म्हातारी माणसं, उठेपर्यंत फिलूचे डोळे पांढरे झाले होते. व्हायोलेटने मुसळ उचललं. दर उन्हाळ्यात मसाला कुटणाऱ्या हातांना मुसळ जड नसतं. पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि फिलू खाली घसरली. तो वळला आणि दुसऱ्या हाताने त्याने व्हायोलेटच्या तोंडावर ठोसा दिला. तिचा पुढचा दात तिच्याच जिभेवर आला. तो थुंकून तिने दुसरा घाव घातला, गुडघ्यावर. पास्कोल कोसळला. तिसऱ्यासाठी मुसळ त्याच्या डोक्यावर उचललेलं असताना कात्रीनने मागून तिच्या कमरेला मिठी मारली.

"पुरे, बाय. आपल्याला घर पायजे, फाशी न्हाय."

मुसळ खाली यायला वेळ लागला. पण आलं, जमिनीवर.

मग पंचांनीच पास्कोलला जाळ्याच्या दोरीने माडाला बांधला. निकोलस पाटलाने तो लाकडाचा तुकडा घेऊन टेबलाच्या फाटक्या कोपऱ्याला लावून बघितला. भेगेला भेग बरोबर बसली. तो म्हणाला, "पोरी, आता तुजी कॉफी कर. खरी."

व्हायोलेटने चक्की टेबलाच्या धडक्या बाजूला आवळली. दांड्याला तिच्या हातांवरचं रक्त लागत होतं, ते ती पुसत होती आणि दळत होती. पहिला कप आईला दिला. मग पंचांना. कुणी ठसकलं नाही. एक कप पालथा पडला, मग दुसरा, मग पाटलाचा.

फिलूने आपला कप बाहेर नेला. लाल उखळ माडासमोर ओढलं, पालथं घातलं, त्यावर बसली आणि कण्हणाऱ्या नवऱ्याकडे बघत, एकेक घोट घेत, कॉफी तळापर्यंत संपवली.

"व्हायोलेट," तिने तिथूनच हाक मारली, गळ्यावर पाच बोटं उमटलेली, आवाज घोगरा. "अजून हाय का गो?"