बुडत्या चंद्राचा फोटो

फोटो काढला की आयुष्य घटतं, हे हरणाबाईच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. नवऱ्याचा फोटो तुळजापूरच्या जत्रेत काढला आणि पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेला. आता कुणी काय समजावायचं तिला? धनगराची बाई, हट्टाला पेटली की पाय रोवून उभी.

पण तिच्या पोराला, श्रीमंतला नोकरी लागली होती, तीही कुठं, तर कोकणात, बंदरावर. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यापासून अणदूरची पोरं कुठल्या कुठं जायला लागली होती. जाताना आईचा एक फोटो जवळ असावा, एवढंच त्याचं मागणं. म्हणून तो अंबादासच्या गळ्यात पडला. दोघं एका वर्गातले, आणि गावात फोटोग्राफर अंबादास एकटाच.

"तिला म्हणायचं, चंद्राचा फोटो काढतोय. आमचा चंद्रबी पाण्यातच बुडतो, हे कोकणातल्या लोकांना दाखवायचंय," श्रीमंत म्हणाला.

अंबादासला थापा मारायचा मनस्वी कंटाळा. पण दोस्तापुढं काय चालतंय? तो तयार झाला.

पुनवेच्या पहाटे हरणाबाई मेंढरं घेऊन तळ्याच्या काठाला यायची आणि मावळत्या चंद्राला हात जोडायची. इथंच सगळी पंचाईत होती. चंद्र पाण्यापलीकडं, बाईचं तोंड चंद्राकडं; ते तोंड टिपायचं तर कॅमेरा पाण्यात. अंबादासनं धोतर खोचलं, कॅमेऱ्याचं तिकाटणं चिखलात रोवलं आणि चंद्राकडं पाठ करून काळ्या फडक्यात डोकं घातलं.

"काय काढतुस रं?"

"चंद्र, हरणामाय."

"चंद्र तर तुझ्या मागं हाय."

चोराच्या मनात चांदणं. अंबादास बोलून गेला, "ह्या कॅमेऱ्यात समदं उलटं दिसतंय, माय."

"व्हय का," हरणाबाई म्हणाली. "पर बिचाऱ्या चंद्राचं आयुष्य घटंल की."

"त्याला लई हाय."

उजेड बेताचाच. भिंगावरचं झाकण काढून बराच वेळ थांबायचं, आणि तेवढ्यात माणूस हललं की तोंडाचा नुसता भोपळा. नेमकी तेव्हाच एक मेंढी काठालगतच्या सिदूच्या शेतात, उभ्या शाळवात शिरली. एरवी हरणाबाईनं ओरडून गाव गोळा केला असता. आज तिनं मानही वळवली नाही. बाईचं ध्यान लागलंय, असं अंबादासला वाटलं आणि गडी खूश झाला.

श्रीमंत निघायच्या आदल्या दिवशी हरणाबाई आपणच अंबादासच्या दारात हजर.

"दाखव तुझा चंद्र."

नाही म्हणायची सोय नव्हती. फोटोत तिचं सुरकुतलेलं तोंड होतं, जोडलेले हात होते, मागं मेंढरं होती. चंद्राचा पत्ता नव्हता. तिनं फोटो उजेडाकडं धरला.

"चंद्र वाचला म्हन की," ती म्हणाली.

"चुकलं, माय. श्रीमंतनं लई गळ घातली म्हणून..."

"गप. म्हनं उलटं दिसतंय. मेंढी शाळवात शिरली, सिदूच्या शिव्या खाल्ल्या, तरी हलले का म्या?"

अंबादासला आता उमगलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"पण माय, तुमचं आयुष्य?"

"घटलं तर घटलं. जातंय कुठं? पोराकडंच जातंय न्हवं." तिनं पदरानं फोटो पुसला आणि अंबादासच्या हातात दिला. "कागदात नीट बांध. आन त्याला सांग, म्या बघितला न्हाय."