दावे कापायचा चाकू

तिसराही चाकू उघडला नाही.

सावळाने तो फळीवर अलगद परत ठेवला आणि म्हणाला, "ह्याची खाच लय बारीक हाय. नख घावत न्हाई तिच्यात."

यशोधराबाईंनी वरच्या कप्प्यातून दुसरे खोके खाली घेतले. लोणावळ्याच्या बाजारपेठेतले हे लोखंडी सामानाचे दुकान पतीच्या पश्चात त्या एकट्याच चालवीत होत्या, आणि हत्यार घ्यायला आलेल्या माणसाला घाई करू नये, हा पतीचा दंडक त्यांनी मोडला नव्हता. सावळाच्या मागे, दाराशी ठेवलेल्या स्टुलावर, त्याची बायको झुंबरबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चाकूंकडे तिचे लक्ष नव्हते. ती नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

पवना धरणाच्या वरच्या अंगाला, कड्याखाली, त्यांची वाडी. सावळाचे सारे आयुष्य गुरांमागे गेले होते. मिसरूडही फुटले नव्हते तेव्हापासून त्याच्या खिशात घडीचा चाकू असे आणि कमरेला कोयता. कोयता लाकडाफाट्याचा. चाकू मात्र दिवसभराचा सोबती. खुरात रुतलेला काटा काढायचा तर चाकू, रानातला कंद सोलायचा तर चाकू, पेंडीचे पोते उसवायचे तर चाकू. पण हे सगळे त्याचे वरकड काम. खरे काम वर्षादोनवर्षांतून एखाद्या वेळी पडे: उतारावर एखादे जनावर अडकले, गळ्यात चुकून राहिलेले दावे फासासारखे आवळले, तर ते क्षणात कापायचे. तिथे कोयता चालत नाही. गळ्याशी घाव घालणार कसा? त्या एका क्षणासाठी गुराखी चाकू जन्मभर खिशात वागवतो.

गेल्या वैशाखात सावळाच्या अंगावरून वारे गेले. सरकारी दवाखान्यातल्या औषधांनी वाकडे झालेले तोंड सरळ झाले, फरपटणारा पाय नीट पडू लागला. उजवा हात मात्र परक्याचा असावा तसा राहिला. घास उचलला जाई. सदऱ्याची गुंडी लागत नसे. गुंड्या झुंबरबाई लावून देई, आणि त्याविषयी दोघांत कधी शब्द निघत नसे.

भाद्रपदात ते घडले. गुरे रानात सोडताना गळ्यातले दावे काढून ठेवायचे, हा वाडीचा शिरस्ता. त्या दिवशी मोरी नावाच्या कालवडीची निरगाठ सावळाच्या बोटांना सुटेना. झुंबरबाई पाण्याला गेली होती. कोणाला हाक मारायची त्याला लाज वाटली, आणि त्याने कालवड दाव्यासकट सोडली. दुपारी कड्याच्या कडेला करवंदीच्या जाळीत दावे गुंतले, ओल्या गवतावरून तिचा पाय घसरला आणि ती गळ्याने लोंबकळली. सावळा पोहोचला तेव्हा ती जिवंत होती. चाकू त्याच्या हातात होता. तो उघडला गेला नाही. बोटांनी नाही, दातांनी नाही. शेवटी त्याने तो दगडावर आपटला, तोवर कालवडीचे डोळे थांबले होते.

घरी येऊन त्याने सांगितले, चाकू गंजला होता.

त्यावर मुलगा संदीप देहूरोडहून आला. तो तिथे लष्करी डेपोत कंत्राटावर कामाला होता. आबा, आता पुरे झाले, दसरा झाला की गुरांच्या व्यापाऱ्याला बोलावतो, असे त्याने शांतपणे सांगितले. सावळा एवढेच म्हणाला, की दोष हत्याराचा होता, चांगला मजबूत चाकू आणला की आपण पुन्हा रानात जाऊ. संदीपने आईकडे पाहिले. झुंबरबाई म्हणाली, "चाकू तर घिऊ आदी. मंग बगू." म्हणून आज, दसरा तोंडावर आला असताना, दोघे पहाटे डोंगर उतरून आली होती. चाकू हाती बसला तर गुरे राहणार होती. नाही तर दावणी मोकळ्या होणार होत्या.

चौथा चाकू यशोधराबाईंनी काहीशा कौतुकाने पुढे केला. मूठ लाल, झगझगीत; पात्याखेरीज त्यात कात्री होती, करवत होती, बाटलीचे बूच काढायचे आकडेही होते. "फिरायला येणारी मंडळी हाच मागतात," त्या म्हणाल्या.

"आमच्या गाया बाटलीनं पीत न्हाईत, ताई," मागून झुंबरबाई म्हणाली.

यशोधराबाई मनापासून हसल्या. सावळाही हसला, पण चाकू त्याने हातात घेतला नाही. बटण दाबताच उघडणारा असतो, तसला आहे का, असे त्याने हळूच विचारले. तसले मी ठेवत नाही, पोलिसांचा त्रास होतो, असे त्यांनी सांगितले आणि मग खोक्याच्या तळातून कागदात गुंडाळलेला एक चाकू काढला. शिसवी मूठ, रुंद पाते, पाते अडकून राहावे म्हणून पितळी कडी. "हा आमच्या ह्यांनी आणून ठेवला होता. दिसायला साधा आहे, म्हणून पडून राहिला."

त्यांनी तो उघडून फळीवर ठेवला, आणि सावळाच्या चेहऱ्यावरचा शीण क्षणभर ओसरला. त्याने पाते डाव्या हाताने हलवून पाहिले. मुठीत ते तसूभरही खुळखुळत नव्हते. मुठीचे खिळे अंगठ्याने चाचपले. पात्याची पाठ कानाजवळ नेऊन नखाने वाजवली आणि तो नाद संपेपर्यंत ऐकला. डाव्या अंगठ्याच्या नखावर धार टेकवली. ती घसरली नाही, जिथल्या तिथे धरून राहिली. "ह्यो जलमभर जाईल," तो म्हणाला. मग तो चाकू त्याने मिटला.

मिटलेला चाकू डाव्या मुठीत धरून त्याने उजवे नख खाचेत घातले. खाच खोल होती, नख बसले. पाते मुठीतून केसभर वर आले आणि बोट घसरले. पुन्हा बसवले, पुन्हा घसरले. कपाळावर घाम आला. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे कर्णे वाजत होते. सावळाने इकडेतिकडे न पाहता चाकू तोंडाकडे नेला.

झुंबरबाई केव्हा उठली ते कळले नाही. तिने त्याचे मनगट धरले.

"दात नगा लावू."

मग त्याच्या हातातून चाकू काढून न घेता ती यशोधराबाईंना म्हणाली, "ताई, माज्या हाताला बसंल असा एक चाकू दाखवा."

"तुला कशाला?" सावळा म्हणाला.

"उद्यापासनं गुरामागं म्या जानार."

"अगं, त्यो चाकू गंजल्याला म्हून..."

"गंज कुटं व्हता? दर आयतवारी तेल लावता तुमी त्याला." तिचा आवाज खालीच होता. "मूठ दगडावर आपटल्याली म्या बगितली. त्याच दिशी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलून कालवड उटनार व्हती व्हय?"

यशोधराबाई पाठ फिरवून निष्कारण डबे नीट लावू लागल्या. सावळा दुकानातून निघून गेला असता तर झुंबरबाईने त्याला अडवले नसते, आणि हे त्यालाही ठाऊक होते. अखेर त्याने तो शिसवी चाकू फळीवर ठेवला.

"ह्यो न्हाई चालायचा तुला," तो म्हणाला. "मूठ जाड हाय. घामानं निसटंल. हात बगू तुजा."

तिने पंजा पुढे केला. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत त्याने तिचा हात असा कधी धरला नव्हता. त्याने तिच्या तळव्याची रुंदी आपल्या डाव्या बोटांनी मोजली, अंगठ्याचे झिजलेले नख पाहिले आणि मग खोकी पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली. आता त्याला घाई नव्हती, लाजही नव्हती. ह्याची खाच टोकाकडे आहे, जोर पुरणार नाही. ह्याचे पाते गोडे आहे, धार टिकणार नाही. असे एकेक बाजूला सारीत तो एका बुटक्या, खडबडीत मुठीच्या चाकूपाशी थांबला. "उगाड." झुंबरबाईने उघडला. "मीट. डोळं झाकून उगाड." तिने डोळे मिटून उघडला. "आता वल्या हातानं." यशोधराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ओल्या हातानेही तो उघडला.

एसटी स्थानकाच्या कठड्यावर बसून त्याने तिला बाकीचे सांगितले. कोणती गाय कळप सोडते, कोणत्या पाणवठ्यावर निसरडे असते, दुपारी सावली कुठे पडते. तिला यातले पुष्कळसे ठाऊक होते, तरी ती ऐकत राहिली. शेवटी तो म्हणाला, "दावं कापताना पात्याची पाट गळ्याकडं, धार भाईर. घासायचं न्हाई. खालनं पातं घालायचं नि आपल्याकडं उचलायचं. जनावर लाता झाडंल, पर डोळं त्याच्याकडं न्यायचं न्हाईत. दाव्याकडंच बगायचं."

"व्हय," ती म्हणाली आणि चाकूसाठी हात पुढे केला.

त्याने तो हातात दिला नाही. धारेची वस्तू हातोहात दिली तर जिव्हाळा तुटतो, असे त्यांच्यात मानतात. त्याने चाकू कठड्याच्या दगडावर ठेवला आणि हात मागे घेतला. मग तिने तो उचलून कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईने एकेक गाठ सोडली. दावी सावळाने खुंटीला अडकवली, गुरांच्या गळ्यांत घंटांचे सैल पट्टे तेवढे राहिले. गोठ्याच्या तोंडाशी उभा राहून त्याने गुरांना हाक दिली, रोजची, लांबवलेली. गुरे निघाली, पण बांधापर्यंत गेली आणि थांबली. म्हातारी गाय वळून त्याच्याकडे पाहू लागली, तशा बाकीच्याही वळल्या. झुंबरबाई हाकत होती, काठी आपटत होती. एकही पाऊल पुढे पडेना.

"तुमी दिसताय तवर न्हाई हलायची," ती तिथून म्हणाली.

सावळाने मान डोलावली. तो घरात गेला आणि दार लोटून त्याच्यामागे अंधारात उभा राहिला. पुष्कळ वेळ काही ऐकू आले नाही. मग एक घंटा वाजली, मग दुसरी. तो आवाज बांध ओलांडून, ओढा ओलांडून वरच्या रानाला लागेपर्यंत त्याने दार उघडले नाही.